परवा पुसायचं कुंकू

आमच्या मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये किस्से कोणी जमवत नाही. ते गाळासारखे आपोआप तळाला बसतात आणि जुनी मशीन उघडली की वर येतात. त्यातही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, लोखंड कापणाऱ्या त्या सीएनसी लेथचे सगळ्यात जास्त! हसवायला म्हणून सांगायला घेतो आणि मधेच कुठेतरी मीच हसायचं विसरतो. तरी ऐका.

*

परदेशी मशिनी आणायची सगळ्यांना हौस आली होती, तेव्हा बडोद्यातल्या एका कंपनीने ती वाजतगाजत आणली. आठ वर्षं चालवली आणि एक दिवस गेटला कुलूप! तीन वर्षं ती बंद शेडमध्ये पडून. शेवटी आमच्या जयेशभाई शेठनी भंगाराच्या लॉटमध्ये उचलली.

दुसऱ्याच दिवशी शिंदेकाका सायकलवरून हजर. त्या कंपनीत हेच तिचे ऑपरेटर, आता अलकापुरीत एका अपार्टमेंटचे वॉचमन. गंजावर हात फिरवत म्हणाले, "अरेरे, काय दशा केली पोरीची!"

जयेशभाई म्हणाले, "काका, चालू करी आपो. फिनिशिंगचा गुळगुळीत माल बरोबर आला, तर ऑपरेटर तमे!"

काकांनी वॉचमनची टोपी काढून पिशवीत घातली.

*

कूलंटची टाकी मी उघडली. कूलंट म्हणजे लोखंड कापताना वरून सोडतात ते दुधासारखं पाणी. इथे काळा चिखल, वर तेलाची साय आणि आत दोन मेलेले उंदीर. जयेशभाई हातातला फाफडा टाकून बाहेर पळाले.

शेजारच्या शेडमधले पटेल नाकाला रुमाल लावून आले. "कोई गुजरी गयुं के शुं?"

काका बादली उपसता उपसता म्हणाले, "हो, कंपनी! तीन वर्षं झाली."

*

मग मेमरीची बॅटरी. ती मेली की मशीन सगळं विसरते, शेकडो आकडे पुन्हा भरावे लागतात. ते आणायचे कुठून? काका निजामपुऱ्याला घरी गेले आणि एक वही घेऊन आले. सगळे आकडे हाताने उतरवलेले! पण वहीला हळदकुंकू. काकांनी ती देवघरात ठेवली होती आणि काकूंनी पोथी समजून तीन वर्षं रोज पूजा केली होती.

एका पानावर कुंकवाखालचा आकडा दिसेना. तीन की आठ? "आठ," काका म्हणाले. आठ टाकला आणि स्क्रीनवरचा चूक दाखवणारा शेवटचा अलार्म विझला. काकूंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "बघा, पावली की नाही पोथी!"

*

गंज काढायला जयेशभाई हँडग्राइंडर घेऊन आले. काका आडवे आले. "शेठ, घरच्या म्हाताऱ्याची दाढी रंध्याने करता का?"

मग आम्ही दोघं महिनाभर घासत बसलो, रॉकेल आणि तेलाच्या दगडाने, बोटभर बोटभर. काका रात्रपाळी करून सकाळी यायचे. डोळे लाल, पण तोंडावर मात्र लग्नघरासारखा उत्साह.

चहाला बसलो की पणजोबांच्या तलवारीचं सांगायचे. ते गायकवाडी फौजेत होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरी तलवारीची पूजा व्हायची आणि काका कंपनीत ही लेथ पुजायचे. "कुंकू पात्याला लावायचं, मुठीला नाही," काका म्हणायचे. म्हणून मशीनच्याही रंगावर नाही, आतल्या उघड्या स्टीलवर नारळाच्या पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचे. पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, पुसायचंही नाही. परवा येऊन पुसायचं, तेल लावायचं, नाहीतर नारळाचं पाणी स्टील खातं. आठ वर्षं असंच.

*

शेवटचं कव्हर काढलं. खाली कापायचं हत्यार धरणारी कॅरेज सरकते त्या पट्टीवर गंजाचा एक गोळा. मी घासत गेलो. गंज निघाला, पण खाली स्टीलमध्ये खड्डे राहिले. खड्ड्यांचं स्वस्तिक!

काकांनी त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या वर्षी दसऱ्यानंतर गेलो, तर गेटला कुलूप. मी साहेबांना म्हटलं, पाच मिनिटं आत सोडा, पुसून येतो फक्त. ते म्हणाले, नोकरी गेली शिंदे, आता काय पुसताय!"

*

मशीन चालू झाली. काय सुरेख आवाज! पण कॅरेज स्वस्तिकावर आली की बारीकसा झटका आणि जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, एक रेघ. वीस जॉब कापले, वीसही तसेच. पट्टी घासून सपाट करायला, ग्राइंडिंगला, बाहेर पाठवायचा खर्च करायची जयेशभाईंची तयारी नव्हती. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, मशीन चाले छे, पण माल नथी आपतुं."

आठवड्याने पादऱ्याच्या एका भंगारवाल्याचा टेम्पो आला. टेम्पोत चढवायच्या आधी काकांनी तिला पुसून तेल लावलं. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

*

त्या वर्षी खंडेनवमीला मी काकांना भेटायला अलकापुरीत गेलो. अपार्टमेंटमध्ये लिफ्टची पूजा चालली होती. सेक्रेटरी जोशीबाईंनी काकांच्या हातात नारळ दिला. काका तो घेऊन गेटबाहेर गेले, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथवर फोडला. परत येऊन बघतात, तर बाईंनी लिफ्टच्या स्टीलच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. काकांनी खिशातून फडकं काढलं आणि पुसायलाच लागले.

"अहो काका! पूजेचं लगेच पुसतात का? परवा पुसा!"

"परवा गेटला कुलूप असलं तर?"

जोशीबाई हसल्या. "कुलपाची किल्ली तुमच्याकडेच असते ना!"

काका पुसतच राहिले.