वाकायची मनाई

कमलमावशींच्या हातातला रुमाल खाली पडला. त्यांनी तो पायाच्या बोटांत धरला, पाय मागे दुमडला, रुमाल हातात घेतला आणि त्या बोलत राहिल्या. नसरापूरच्या आमच्या क्लिनिकमध्ये त्या चार वेळा आल्या होत्या. मला हे आज दिसलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मावशी कामथडीच्या. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झालेले. पाय दुखायचा थांबला, कंबर नाही. एमआरआय चांगला होता. मणक्याच्या ऑपरेशननंतर काहींचं दुखणं असं उरतं आणि त्याचं कारण फोटोत सापडतंच असं नाही. सोमवारी पुण्याला दुसऱ्या ऑपरेशनचं ठरणार होतं. मावशींनी त्याची धास्ती घेतली होती.

सोबत त्यांच्या जाऊबाई असायच्या. "भाताच्या लावणीला कंबर दुखती, जेवायला बसताना न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुज्या हातचं जेवायला कंबर न्हाई, छाती लागती," मावशी म्हणाल्या.

मी सहसा गप्प असते. तरी विचारलं, "मावशी, तुम्ही वाकत का नाही?"

"डाक्टरांनी सांगितलंय, वाकायचं न्हाई."

"कधीपर्यंत?"

"त्ये कुठं सांगितलं? म्या पाळतीय आपली. कमरेचा पट्टा बी झोपतानाच काढती."

त्या गेल्यावर मी क्लिनिकच्या मोठ्या सरांना हे सांगितलं.

"फाईल वाचलीस?"

"एमआरआय बघितला."

"मी फाईल विचारली."

फाईल पहिल्या दिवसापासून आमच्याच कपाटात होती. डिस्चार्ज कार्ड, म्हणजे घरी सोडताना देतात तो कागद, इंग्रजीत. अगदी खाली लिहिलं होतं: पट्टा वापरावा, वाकू नये, सहा आठवडे. मावशींच्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली.

सरांनी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, हळूहळू वाकवा, ऑपरेशनचं तीन महिन्यांनी बघू.

वापरात नसलेली कंबर ताठरते, आणि ताठरलेली कंबर हलवली की दुखते. आधी खुर्चीत बसून हात गुडघ्यापर्यंत. "मोडंल गं पोरी," म्हणत मावशींनी माझं मनगट आवळलं. मीही घाबरले होते. पुढच्या आठवड्यात हात नडगीपर्यंत गेला. पट्टा आधी एक तास सुटला, मग दुपारभर.

तीन महिन्यांनी मावशी आल्या तेव्हा त्यांनी दाराशी वाकून चपला हाताने सरळ ठेवल्या. संध्याकाळी अजून दुखतं. दुसरं ऑपरेशन मात्र रद्द झालं.

आता कुणाला काही करू नका म्हणताना मी कधीपर्यंत तेही सांगते, आणि त्यांच्याकडून एकदा परत म्हणवून घेते.