टीचरबाई उचलल्या गेल्या तेव्हा

इंदूरला आमच्या शेजारी मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या एक विधवा बाई राहत. सगळी गल्ली त्यांना टीचरबाई म्हणे. मध्य प्रदेश नवा नवा होता, तेव्हा त्यांचे उपदेशक दीर खांडव्याहून मुक्कामाला आले. प्रभू आता केव्हाही येईल, खऱ्या विश्वासणाऱ्यांना ढगांत उचलून घेईल आणि बाकीचे खाली संकटात राहतील, असं ते ओट्यावर बसून सांगत. आवाज खणखणीत होता. खाली राहणाऱ्यांत आम्ही आहोत, हे आमच्या स्वयंपाकघरातही नीट ऐकू येई.

माझे वडील जुने संस्थानी कारकून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भिया, जगाचा अंत तर केव्हाच होऊन गेला," ते म्हणाले. "आपल्या इंदूरची राजधानी भोपाळला गेली ना, त्याच दिवशी."

टीचरबाईंनी मात्र मनावर घेतलं. एका दुपारी त्या आईला म्हणाल्या, "ताई, मी अचानक गेले तर माझ्या कोंबड्यांना दाणा टाकाल ना?"

"टाकीन की. आणि आमचं काय होणार?"

टीचरबाई गव्हातले खडे वेचत राहिल्या. आईला ते फार लागलं. "इतक्या वर्षांचा शेजार," ती वडिलांना म्हणाली, "आणि ही मला कोंबड्यांत ठेवून जाणार."

पुढे एका सकाळी शेजारून दूध करपल्याचा वास आला. आई धावली. दार सताड उघडं, दूध उतू गेलेलं, चपला उंबऱ्याशी, चष्मा उघड्या पवित्र शास्त्रावर. टीचरबाई कुठेच नाहीत. आई सांडशीत पातेलं धरून उभी होती, तेवढ्यात दीर मेथीची जुडी घेऊन बाजारातून आले. त्यांनी चपला पाहिल्या, चष्मा पाहिला. "वहिनी?" अशी एकच हाक मारली आणि पायरीवरच बसले.

"प्रभू येऊन गेला," ते म्हणाले. "आणि मी..." आणि ते रडूच लागले.

आईही हादरली होती, पण सोबत मिळाल्यावर तिला धीर आला. "रडू नका, भाऊजी. आम्ही पण आहोतच ना इथे." तिने त्यांना घरी आणून पोहे आणि चहा दिला. त्यांनी डोळे पुसत पोहे खाल्ले आणि वर थोडी शेव मागितली.

वडील चौकशीला बाहेर पडले आणि लगेच परतले. "तुमचे मोठे पाद्रीसाहेब आत्ताच सायकलवरून गेले. खालीच आहेत."

हे ऐकून दिरांना पहिल्यांदा बरं वाटलं.

दुपारी टीचरबाई टांग्यातून अनवाणी उतरल्या. मागच्या घरातल्या सुनेला अचानक कळा सुरू झाल्या होत्या. तिला घेऊन त्या तशाच दवाखान्यात धावल्या होत्या. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजींचे डोळे का सुजलेत?"

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. दीर दुसऱ्याच दिवशी खांडव्याला परतले.

ते गेले त्या संध्याकाळी टीचरबाई आईला घेऊन बाळ-बाळंतिणीला पाहायला गेल्या. परत आल्यावर आई वडिलांना हळूच म्हणाली, "वर ढगांत गेल्यावर ती प्रभूकडे आपल्यासाठी शब्द टाकणार आहे." बदलीच्या खात्यात ओळख निघाल्यावर माणूस दिसतो, तशी आई दिसत होती.