डिप्रेशन म्हणजे काय

शर्टाच्या खिशातून डॉक्टरची चिठ्ठी काढायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचं, "याचा मतलब काय होते?" ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्याने तुम्हालाही चार वेळा विचारलं असतं, तर तुम्हीही वैतागला असता. सिलतऱ्याच्या कारखान्यात तो फिटर होता. बिघाड कशाचा ते कळलं की दुरुस्ती होतेच, असं त्याला वाटायचं.

त्याची बायको दोन महिने खाटेवरून उठत नव्हती. वेणी नाही, धड जेवण नाही. डॉक्टरने लिहिलं, डिप्रेशन. गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीने त्याला सांगितलं, "अंकल, मतलब दुख." तेवढ्याने त्याचं भागेना, म्हणून माझ्याकडे आला. मी चौथी शिकलेली. म्हटलं, "दुःख? मेलं कोण?"

"कोणीच नाही, काकू. तेच तर समजून नाही राहिलं."

मलाही समजलं नाही. पण दुःखाच्या घरी काय करतात ते ठाऊक होतं. आम्ही चौघी पिठलं-भाकरी घेऊन बसायला गेलो. डोक्यावर पदर, तोंडात शब्द नाही. आम्हाला पाहून ती दचकून उठून बसली. नवऱ्याला म्हणाली, "कोण गेलं? मले काहून नाही सांगितलं?"

"कोणी नाही गेलं. तुह्यासाठी आल्या."

"म्हंजे मीच गेली का?"

मला हसू आलं. ते लपवायला मी ताट पुढे सरकवलं. तिने अर्धी भाकर खाल्ली. तो दारात उभा राहून एकेक घास पाहत होता.

बाहेर येऊन म्हणाला, उद्याही या. आम्ही गेलो नाही. जिवंत माणसाच्या घरी रोज कोण बसायला जातं? मग तोच रोज ताट घेऊन खाटेशी बसायचा. "एक घास, बस एकच," एवढंच ऐकू यायचं. औषधंही चालू होती.

मागच्या हिवाळ्यात आंघोळ करून कपडे घालता घालता तो गेला. आता ही कायमची आडवी होणार, असं आम्ही धरूनच चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः अंगण झाडलं. काही झालं नव्हतं तेव्हा पडून होती, आणि एवढं झालं तर उठली. औषधाने असेल, त्याच्या घासांनी असेल. मी बऱ्याच जणांना विचारलं, कुणाला सांगता येत नाही.

काल ती ओट्यावर त्याचा स्वेटर उसवत बसली होती. लोकर चांगली आहे म्हणाली. मधेच धागा गुंतला, तसं तिने टोक माझ्या हातात दिलं.

"धरा जरा, काकू."

मी धरलं.