राहिलेला भूमिप्रणाम

माझे वडील, आबा, गेले त्याच्या नवव्या दिवशी माझी पदवीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. दहावा दुसऱ्या दिवशी होता. अंथुर्ण्यातल्या आमच्या घरात पहिले सात दिवस या गोष्टीवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मीही नाही.

बारामतीच्या एका महाविद्यालयात मी कथक घेऊन बी.ए. करत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. आबा एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होते. त्यांची पहिली पाळी सातची, म्हणून आम्ही साडेपाचला मोटरसायकलवर घर सोडायचो. मला फाटकापाशी उतरवून ते पुढं जायचे. वर्ग नऊला उघडायचा. मधला सगळा वेळ मी पायरीवर बसून शास्त्र पाठ करायचे. आठ सात्त्विक भाव, तेहेतीस संचारी भाव, प्रत्येक रसाचा स्थायीभाव, तो कशानं उत्पन्न होतो आणि अंगावर कसा दिसतो. शाळेत मला संस्कृत नव्हतं. नृत्य शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी सगळ्याचे अर्थ मराठीत लिहून दिले होते. मी आधी अर्थ पाठ केले, मग शब्द.

तीनतालाच्या सोळा मात्रा मी गाडीवर मागं बसून आबांच्या पाठीवर बोटानं मोजायचे. मला वाटायचं त्यांचं लक्ष नसतं. एक दिवस फाटकापाशी उतरले तर म्हणाले, "आज लासुर्ण्याच्या फुडं चौदाच झाल्या." मी म्हटलं, खड्डा आला होता. "मग खड्डा धरून मोजायचं," ते म्हणाले आणि गेले.

घुंगरूही त्यांनीच आणले. एका पायात शंभर, दोन पायांत दोनशे, एवढं मी सांगितलं होतं. ते इंदापूरच्या बाजारात गेले आणि जिथं कासरे, म्होरक्या, गोंडे मिळतात त्या दुकानातून घेऊन आले. दुकानदारानं विचारलं होतं, बैल किती? आबा म्हणाले, बैल न्हाय, एक पोरगी हाय. हे त्यांनी घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. मग दोन संध्याकाळी बसून त्यांनी ते सगळे जाड सुती दोरीत स्वतः ओवले. दावं बांधताना मारतात तशी प्रत्येकाला वेगळी गाठ मारली.

वर्गात पहिल्यांदा बांधले तेव्हा बाईंनी आवाज ऐकला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, हे बैलांचे आहेत गं. मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. दुसरे आणायला लावू का, असं त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं. घरी मी ते कधी सांगितलं नाही. तीन वर्षं त्यावरच नाचले. ते जड होते. दुगुणीपर्यंत ठीक, चौपट लयीच्या चौगुणीत पाय मागं पडायचा.

आबा दुपारी कारखान्यातच गेले, बसल्या जागी. डबा उघडलेला होता. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी वहीत रेघा मारत होते. फोन ठेवल्यावर राहिलेल्या दोन रेघाही मारल्या.

मला रडू आलं नाही. बायका येऊन गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायचे. माझं लक्ष भलतीकडंच असायचं. मावशीचा आवाज फाटला की मनात यायचं, स्वरभेद. आत्याचा हात थरथरला की, वेपथू. लाज वाटायची, पण ते थांबवता येत नव्हतं. मागच्या दारी भांडी घासताना कुणीतरी बोललेलं मी ऐकलं, "बाप गेला आन हिच्या डोळ्याला टिपूस न्हाय. शिकलेल्या पोरी." मला त्याचाही राग आला नाही. मी नीट ऐकून घेतलं, इतकंच.

आठव्या दिवशी बाईंचा फोन आला. बाहेरच्या परीक्षक उद्याच्या एका दिवसासाठीच येणार होत्या. तू आली नाहीस तर वर्ष जाईल, पण मी ये असं म्हणणार नाही, तुझ्या घरच्यांना विचार, असं त्या म्हणाल्या. ओसरीवर चुलते बसले होते. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं.

चुलते माझ्या वाईटावर नव्हते. आठ दिवस सगळी धावपळ त्यांनीच केली होती. ते म्हणाले, दहावा होऊ दे, मग बघू, परीक्षा काय पळून चाललीय का. नंतर म्हणाले, "लोक काय म्हणतील त्ये सोड. पर सुतकात पोरीनं पायात चाळ बांधायचं, ह्ये मला न्हाय पटत, वैनी."

आई भिंतीला टेकून बसली होती. आठ दिवसांत ती कामापुरतंच बोलली होती. ती म्हणाली, "मग त्यांनी तीन वर्सं गाडी कशापायी पळवली, भावजी?"

चुलते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाले, सकाळी स्टँडवर मी सोडतो.

झोपायच्या आधी आईनं मला एवढंच बजावलं, "जा. पर सुतक हाय, ध्यानात ठेव. देवाला शिवू नको. कुणाच्या पाया पडू नको."

आईनं माझं नाचणं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या कथकात नाच सुरूच पाया पडण्यानं होतो, हे तिला माहीत नव्हतं. आधी भूमिप्रणाम करायचा. ज्या जमिनीवर आता पाय आपटणार तिला वाकून हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा, क्षमा मागायची. त्याशिवाय पहिलं पाऊल टाकायचं नाही. मी तिला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला पुन्हा एकदा ठरवावं लागलं असतं, आणि एकदा ठरवण्यातच ती दमली होती.

एसटीत घुंगरू आबांच्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घट्ट धरले होते. आवाज होऊ दिला नाही. भवानीनगरला गाडीत गर्दी झाली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि काय बघत होते ते मला आज काही आठवत नाही.

परीक्षेच्या खोलीत कोपऱ्यात नटराज होता. मुली आत जाताना पाया पडत होत्या. मी लांबून गेले. घुंगरू बांधायच्या आधी कपाळाला लावायचे असतात, ते लावले नाहीत. नुसते बांधले. तबलजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. परीक्षक बाई वयस्कर होत्या, पुण्याहून आलेल्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

पेटीवर लेहरा सुरू झाला. मी खाली पाहिलं. शहाबादी फरशी होती, एका फरशीचा कोपरा उडालेला. वाकायची सवय इतकी होती की गुडघे आपोआप सैल झाले. मी ते ताठ केले आणि एकदम पावलांचा तत्कार धरला.

परीक्षकांनी हात वर केला. पेटी थांबली.

"भूमिप्रणाम?"

आमच्या बाई बोलायला उठल्या, पण त्याआधी मीच बोलले. "सुतक हाय, बाई. उद्या दहावा हाय."

तीन वर्षं बाईंनी माझ्या तोंडी 'आहे' बसवलं होतं. तेवढ्या वेळापुरतं ते राहिलं नाही. कुणी हसलं नाही. परीक्षकांनी कुणाचं, असं विचारलं. वडलांचं, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. जरा बसायचं का, म्हणाल्या. मी नको म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "करा सुरू. जमिनीचं राहू द्या."

मी नाचले. ठाय, दुगुण, चौगुण. त्या दिवशी पायाला घुंगरांचं वजन कळत नव्हतं, पायच कळत नव्हते. चौगुणीत एकदाही मागं पडले नाही. तिहाई बरोबर समेवर आली. ज्या नाचण्याला काही सांगायचं नसतं, नुसती लय आणि अंग असतं, त्याला शास्त्रात नृत्त म्हणतात. ते माझ्याकडून त्या दिवशी चोख झालं.

मग अभिनय. परीक्षकांनी आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि तरी विचारलं. मला वाटतं, सगळ्यांना विचारलेलं मला विचारलं नसतं तर ते त्यांना अन्यायाचं वाटलं असतं. मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे. करुण रसाचा स्थायीभाव? शोक. कशानं उत्पन्न होतो? प्रिय माणूस गेल्यानं. अंगावर कसा दिसतो? डोळ्यांना पाणी, तोंडाला कोरड, चेहरा उतरणं, हातपाय गळणं. मी क्रमानं सांगितलं, एकही गाळलं नाही.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

मी उभी राहिले. लेहऱ्याची दोन आवर्तनं गेली, तीन गेली. भुवया कुठं न्यायच्या, मान किती झुकवायची, सगळं ठाऊक होतं. चेहरा हलला नाही. शेवटी मी म्हटलं, "येत नाही." त्यांनी मान हलवली आणि लिहिलं.

मी पास झाले. अभिनयात मला कमी गुण होते आणि ते बरोबर होते. तेहेतीस संचारी भावांत एक जडता आहे. डोळा न लवणं, विचारलं तरी उत्तर न देणं, बसल्या जागी बसून राहणं. पायरीवर मी तो पाठ केला होता. तो शोकात येतो आणि जातो. त्याच्या एकट्याच्या जिवावर करुण रस उभा राहत नाही. हे कुणीतरी फार पूर्वी पाहून लिहून ठेवलं होतं, याचा मला परतीच्या गाडीत आधार वाटला. तेवढंच त्या दिवशी मला काही वाटलं.

तेराव्यानंतरच्या सकाळी मला साडेपाचलाच जाग आली. मोटरसायकल गोठ्याच्या भिंतीला लावलेली होती. आई अंगणात सडा टाकत होती. मी टॉवेल सोडला, घुंगरू बाहेर काढले आणि हातात घेऊन उभी राहिले. आईनं बादली खाली ठेवली.

"बांध की," ती म्हणाली.

मी बांधायला बसले. ती गाठींकडं बघत होती. मग म्हणाली, "बैलाचं हायत त्ये."

मी वर पाहिलं.

"नाचायचं येगळं असत्यात, ह्ये आबांस्नी बी ठावं झालं व्हतं मागनं. लई वाईट वाटलं त्यांना. पर तू बोलली न्हाईस, म्हून त्येबी बोललं न्हाईत."

मी उठले. अंगण ओलं होतं. फरशीवर राहिलेला भूमिप्रणाम मी तिथं केला. वाकून जमिनीला हात लावला. शेणाचा सडा तळव्याला लागला, तसाच हात डोळ्यांना नेला. क्षमा मागायची असते, म्हणून मागितली. जमिनीची मागितली, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पाणी आलं नाही. वाकलेली मात्र बराच वेळ राहिले.

"ऊठ आता," आई म्हणाली. "आवाज यिऊ दे."

मी उभी राहिले आणि पहिल्या मात्रेपासून मोजायला लागले.