चिकूवरचे जाळे आणि हळद्या

बागायतदार मित्रहो,

गेल्या हंगामात मी याच समूहावर आपणांस सल्ला दिला होता, की चिंचणीहून मासेमारीची जुनी जाळी आणून चिकूच्या झाडांवर पसरावीत, म्हणजे पाखरांपासून फळे वाचतात. त्याचा परिणाम आज सकाळी नरपडच्या माझ्या वाडीत मी पाहिला.

जाळ्यात एक हळद्या अडकला होता. सुटण्याच्या धडपडीत पंखाभोवतीचे धागे अधिकच आवळले होते. फळे उतरवायला येणाऱ्या जानकीबाई शिडीवर चढल्या आणि भोवतीचे जाळे कापून त्याला ओंजळीत घेऊन खाली आल्या. उरलेले धागे मी कात्रीने कापले.

“काका, मासे धरायचं जाळं टांगलंत. ते आपलं काम करणारच ना!”

“अहो, मी ते फळे राखण्यासाठी टांगले होते.”

“जाळ्याला काय ठाऊक? आमचा बाबा शेंड्याची फळं उतरवायचाच नाही. पाखरांना ठेवायचा.”

हळद्या उडाला, परंतु कुंपणापर्यंतच. बराच वेळ तेथे बसून तो शेजारच्या आंब्यात दिसेनासा झाला. तो जगेल की नाही, मला सांगता येणार नाही.

दुपारपर्यंत आम्ही सर्व जाळी उतरवली. शेंड्याची फळे यापुढे पाखरांची.

माझा सल्ला चुकीचा होता. तो मी मागे घेतो. माझ्या शब्दावर विसंबून ज्यांनी जाळी बांधली, त्यांनी कृपया आजच शिडी लावावी. वर काय आढळले, ते येथे लिहाल का? वाचणे कठीण गेले, तरी मी प्रत्येक उत्तर वाचीन.