बाजलं दिसलं का?

गाडीत बॅगा चढवून झाल्या होत्या, ड्रायव्हरने दोनदा हॉर्नही दिला होता, आणि माझे वडील, आबा, मला हाताला धरून घरामागे घेऊन गेले. नुकतीच दिवेलागण झाली होती. राजुरीच्या आमच्या घरामागून उत्तरेला सप्तर्षी दिसतात. आम्ही त्याला बाजलं म्हणतो. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे झोपलेल्या म्हातारीसकट ती बाज पळवणारे चोर. आबा म्हणाले, "तितं बी हेच दिसंल. बाजलं बघितलं की समज, आमी बी तेच बघतूय."

मेलबर्नला आल्यावर आठवडाभर मी बॅकयार्डात उत्तरेकडे तोंड करून उभी राहायची. शेवटी नवऱ्याने सांगितलं, इतक्या दक्षिणेला ते उगवतच नाही. मला रडूच आलं. व्हिसा, नोकरी, भाडं, सगळ्याची चौकशी करून आलो होतो, पण आभाळाची चौकशी कोण करतं? आबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "ढग आसत्याल. नीट बघ." मेंढरांमागे ह्याच ताऱ्यांवर वाट धरलेला माणूस. बाजलं नसलेला मुलूख असतो, हे त्यांना पटायचं कसं? पुढे दर फोनचा शेवट ठरून गेला. "दिसलं का बाजलं?" "नाही, आबा." आपली मुलं ते न बघताच मोठी होणार, हे मला फार लागून राहिलं होतं.

यंदा एप्रिलच्या सुट्टीत अन्वी आणि ओमला घेऊन गेले ती त्यासाठीच. पण आता अंधार पडला की गावात अंगणात कोणी थांबत नाही. उसातून बिबट्या येतो, म्हणून घराभोवती फोकस लावलेला. त्या उजेडात तारे कसले दिसतात! आबा गुडघे धरत स्लॅबवर चढले आणि ओरडले, "फोकस बंद करा!"

आई खालून म्हणाली, "आन् बिबट्या आला म्हंजी?"

"त्याला बी दिसू दे की बाजलं!"

अंधार झाला. आबांनी काठीने एकेक खूर दाखवला, मग चोर. अन्वीने विचारलं, "पण म्हातारी झोपेतून उठली, तर तिचं घर लांब राहिलं असेल ना?"

आबांनी काठी ध्रुवाकडे वळवली. "लांब न्हाई जात, बाळा. चोर तिला ध्रुवाभवतीच फिरवत्यात. लई वर्सं झाली, अजून शीव वलांडली न्हाई." मेलबर्नहून ध्रुवही दिसत नाही, हे मी बोलले नाही.

परत आल्यापासून फोन अन्वीने ताब्यात घेतलाय. शाळेतून आली की विचारते, "आजोबा, काल दिसलं का बाजलं?" ते सांगतात, "दिसलं. म्हातारी झोपलीय." मी कणीक मळत ऐकते. घर म्हटलं की आता मला ओटा आठवत नाही, शेत आठवत नाही. स्लॅबवर मान वर करून उभे असलेले आबाच दिसतात. किती दिवस चढतील ते जिना, ह्या विचाराने जीव कासावीस होतो.

परवा आबा म्हणाले, "न्हाई दिसलं गं काल."

अन्वी लगेच म्हणाली, "ढग असतील, आजोबा. नीट बघा."

पलीकडून आबांचं हसू आलं. "व्हय. आसंल तितंच."