भैरूआप्पांनी दिलेली माती

कासुर्डीच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की लकडे वस्ती लागते. तिथले भैरू लकडे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत नुसते भैरू होते. फार तर मेंढरंवाला भैऱ्या. बापाच्या मागं दीडशे मेंढरं हाकण्यात पोरपण गेलं. कालव्याचं पाणी वस्तीला आलं तेव्हा मेंढरं चुलतभावाला देऊन ते अडीच एकरावर बसले. बसले खरे, पण पेरायचं कसं हे बापानं कधी शिकवलं नव्हतं. त्याला तरी कुठं येत होतं?

शिकवलं ते वजीर तांबोळींनी. माणूस तळेगाव ढमढेऱ्याचा, एका शेती विस्तार केंद्रात वर्षाच्या करारावर कामाला. दर बुधवारी डोक्याला रुमाल बांधून एम-एटी गाडीवरून यायचे आणि बिरोबाच्या देवळापुढं वर्ग भरवायचे. एरवी "काय मंडळी, झाली का न्याहारी" असं विचारणारा हा माणूस वर्ग सुरू झाला की घसा खाकरायचा आणि रेडिओवर बसल्यासारखा बोलायला लागायचा. "शेतकरी बंधू-भगिनींनो, लावणीपूर्वी रोपांची मुळे द्रावणात बुडवून घ्यावीत." वस्ती तोंडाला पदर आणि टोपी लावून हसायची. भैरू हसायचे नाहीत. दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखणारं डोकं ते, ऐकलेलं सगळं तसंच्या तसं पाठ व्हायचं. बुधवारी कुणाचा वर्ग चुकला तर तो गुरुवारी भैरूंकडं यायचा. मग भैरू घसा खाकरून "शेतकरी बंधू-भगिनींनो"पासून सगळं म्हणून दाखवायचे. आत भाकरी थापता थापता बायको सखूबाई म्हणायची, "लागला बगा आमचा रेडू."

असं करता करता दोन वर्षांत भैऱ्याचे भैरूआप्पा झाले. रस्त्यात लोक थांबून विचारायला लागले. हे त्यांना इतकं गोड लागलं होतं की झोपेत कुणी "आप्पा" म्हटलं तरी ते हसत उठायचे.

एकोणीसशे नव्याण्णवची दिवाळी सरली आणि माती तपासायचा कार्यक्रम निघाला. अकरा शेतकरी, अकरा कापडी पिशव्या, पुण्याच्या प्रयोगशाळेत जायच्या. वजीरभाईंनी देवळामागच्या पडीक जागेत करून दाखवलं. नागमोडी चालायचं, दहा जागी वीतभर खड्डा घ्यायचा, सगळी माती मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. "चांगली जागा, वाईट जागा, दोन्ही आल्या पाहिजेत," ते म्हणाले. अकरा रानांची माती आणायचं काम भैरूआप्पांवर सोपवलं. दुसऱ्या कुणावर सोपवणार?

आता त्या साली चुलतभावाची मेंढरं वस्तीतल्या सगळ्या रानांत बसली होती. रान मोकळं असलं की त्यात मेंढरं मुक्कामाला बसवायची, म्हणजे लेंडीखत आपोआप पडतं. पण कळप एक आणि रानं अकरा, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक पट्टा आला. त्या पट्ट्यातली माती काळीभोर, मुठीत धरावीशी. भैरूआप्पा पहिल्याच रानातल्या खारवट कोपऱ्यावर थांबले. पांढरट, ढेकळाची माती. बघून त्यांना लाजल्यासारखं झालं.

"ही धाडायाची व्हय पुण्याला?"

सोबत आलेली सखूबाई म्हणाली, "चांगली बगून द्या की. पावण्याला किडकी जवारी कोन वाढतंय?"

मेंढरांच्या वाड्यावर पाहुणा आला की कळपातलं धड जनावर काढायचं, लंगडं पुढं करायचं नाही, हे भैरूआप्पा रांगायला लागल्यापासून बघत आले होते. त्यांनी नागमोडी चालत मोजून दहा खड्डे घेतले, पण दहाही मेंढरं बसलेल्या पट्ट्यात. अकराच्या अकरा रानांत तसंच.

तपासणीचे कागद आले. नत्र भरपूर, पालाश भरपूर, खताची मात्रा निम्मी करावी. वजीरभाईंनी दोनदा वाचले. "आप्पा, तुमची वस्ती लई श्रीमंत निघाली." भैरूआप्पा आठवडाभर छाती काढून फिरले. सगळ्यांनी कांदा लावला आणि युरिया निम्माच टाकला.

फेब्रुवारीत कांद्याची पात पिवळी पडली. भैरूआप्पा बांधावर गेले. मेंढरं बसली होती तेवढा पट्टा चादर अंथरल्यासारखा हिरवा, बाकी सगळं रान पिवळं. लोक म्हणाले, लेंडीखतानं तेवढं तगलं. माती कुठली गेली होती हे वस्तीत दोघांनाच ठाऊक होतं. भैरूआप्पा बांधावरच खाली बसले.

वजीरभाई बुधवारची वाट न बघता सोमवारीच आले.

"आप्पा, माती कुठनं घेतली होती?"

"तुमी सांगितली तशी. धा जागंवरनं, नागमोडी."

"कोपरे घेतले?"

भैरूआप्पांनी एक पात उपटली, चोळली, तिचा वास घेतला. "सगळं घेतलं."

एवढं पाठांतर असलेल्या माणसावर शंका कशी घ्यायची? वजीरभाईंनी मान हलवली. "मग तिकडंच काय तरी चुकलं असंल. परत तपासायला लावतो."

दुसऱ्या दिवशी सोजराबाई आली. एकटी बाई, पाऊण एकर रान. "आप्पा, टाकू का आजून एक पोतं?"

टाक म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. भैरूआप्पा म्हणाले, "कागद येऊ दे बाई दुसरा."

ती गेल्यावर सखूबाई म्हणाली, "सांगून टाका. आठ दिसांत खत पडलं तर कांदा हाती लागंल."

"सांगतो."

"कवा?"

"उद्या."

उद्या म्हणता म्हणता मार्च लागला. दुसरा कागद आला, पण तीच माती, तोच कागद. एप्रिलात कांदा निघाला तो लिंबाएवढा.

केंद्राचे मोठे साहेब जीपमधून वस्तीवर आले. देवळापुढं सतरंजी, दोन खुर्च्या. साहेबांनी टिपणवही उघडली. "सदर प्रयोगाच्या अपयशाबाबत आपली मते मोकळेपणाने मांडावीत."

वस्तीतले पोपटराव उठले. त्यांचा पाऊण एकर कांदा गेला होता. "मतं कशाला? कारण हे काय बसलंय, रुमाल बांधून. ह्यांनी पिशव्यांची अदलाबदल केली. कुठल्या तरी बागायतदाराची माती आमच्या नावावर."

वजीरभाई उठले, घसा खाकरला आणि "शेतकरी बंधू-भगिनींनो" म्हणाले. कुणी हसलं नाही. ते परत खाली बसले.

तेव्हा भैरूआप्पा उभे राहिले. "सायेब, चूक माझी हाय. मी समद्या रानातली मेंढरं बसलेली माती दिली. ह्यांनी बरोबर सांगितलं हुतं."

सतरंजीवर कुजबुज झाली. सोजराबाईनं विचारलं, "मग दोन म्हैनं का बोलला न्हाईसा? मी तर दारात आले हुते."

"उद्या सांगतो म्हनलं, मग रोज उद्याच," भैरूआप्पा म्हणाले.

"बगा," पोपटराव हसून म्हणाले, "आप्पांना थाप बी धड मारता येत न्हाई. ह्या तांबोळ्याच्या पोटावर पाय यील म्हनून सोताच्या अंगावर घ्यायला निघाल्यात."

"खरं बोलत्यात ते," सखूबाई म्हणाली.

"वैनी, तुमी बी त्यातल्याच. देवमाणसं हायती ही सायेब, ह्यांचं नका लिहू."

साहेबांनी लिहिलं नाही. "आपली भावना समजली," म्हणाले आणि वहीचं पान उलटलं. कुणीतरी भैरूआप्पांना हाताला धरून खाली बसवलं. त्यांच्याबद्दल लोकांना एवढी माया कधी वाटली नव्हती.

वजीरभाई कशाला थांबतील? ते गाडीपाशी गेले. भैरूआप्पा मागोमाग गेले.

"वजीरभाई, मी खरंच तसं केलं."

"मला कळलं. तुम्ही उभं राहिला तवाच."

"मग सायबाला सांगा की."

"आता मी सांगून कोण ऐकतंय?" त्यांनी रुमाल सोडून पुन्हा आवळून बांधला. "फेब्रुवारीत सांगितलं असतं तर दोघांनी मिळून खताचा एक हप्ता घातला असता आप्पा. निभावलं असतं."

"करार?"

"संपला म्हणायचा."

गाडी तिसऱ्या किकला चालू झाली आणि यवतच्या बाजूला निघून गेली. देवळापाशी चहा आला होता. पोपटराव हाका मारत होते, "आप्पा, या हिकडं, खुर्चीवर बसा." भैरूआप्पा रस्त्यावरच उभे राहिले. मग हाका थांबेनात, म्हणून जाऊन खुर्चीवर बसले.